पहिला मान

अण्णांनी नारळ डोक्याच्या वर नेला तेव्हा माझ्या लक्षात आलं, हा माणूस तो मशीनवरच फोडणार आहे.

"थांबा," मी म्हणाले आणि मध्ये हात घातला. "इथं नको. हा मोटरचा डबा आहे. आत पाणी गेलं तर सगळं जळेल."

भास्करअण्णा थोरबोले यांना 'थांबा' म्हणणारं माणूस बऱ्याच वर्षांत भेटलं नसावं. खडीचे क्रशर त्यांचे, पेट्रोल पंप त्यांचा, पतसंस्थेचे अध्यक्ष तेच. नारळ तसाच वर धरून ते माझ्याकडं बघत राहिले. फीत कापून त्यांच्यामागून आत आलेली मंडळीही बघत राहिली. मग आमचे मुख्य डॉक्टर घळसासी पुढं झाले आणि हसून म्हणाले, "मॅडम नवीन आहेत. उत्साह जरा जास्त आहे." त्यांनी अण्णांच्या कोपराला हात लावून त्यांना फरशीकडं वळवलं. नारळ फरशीवर फुटला, पाणी माझ्या पायांवर उडालं, टाळ्या झाल्या. परत जाताना डॉक्टर माझ्या कानाशी आले.

"आजच्या दिवस मान खाली घालून काम करा," ते म्हणाले.

या गोष्टीला आता पुष्कळ वर्षं झाली. पण कुणी 'मान खाली घालून' असं म्हटलं की माझं डोकं अजून फिरतं.

मी तेव्हा शिकून नुकतीच बाहेर पडले होते. फिजिओथेरपिस्ट म्हणजे काय, हे तालुक्याच्या त्या गावात फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. लोक मला मालिशवाली मॅडम म्हणत, आणि घळसासी ते ऐकून दुरुस्त करायचं सोडून हसत. माझं नाव उल्का शेटे. 'नावाला जागते' असं माझी आई म्हणायची, आणि ते कौतुकानं नव्हे. ट्रस्टच्या त्या हॉस्पिटलात रुजू झाल्यापासून मी ट्रॅक्शनचं टेबल मागत होते. कंबर धरलेली, मान आखडलेली माणसं रोज यायची आणि माझ्याकडं शेकायचा दिवा आणि स्वतःचे दोन हात एवढंच होतं. ट्रॅक्शन म्हणजे ताण देणं. माणसाला टेबलावर उताणं झोपवायचं, कमरेला किंवा हनुवटीखाली पट्टा बांधायचा आणि मोटरनं बेताबेतानं ओढायचं, म्हणजे मणक्यांत दबलेली नस मोकळी होते. गावानं ते यायच्या आधीच त्याला 'ओढायचं मशीन' असं नाव देऊन टाकलं होतं. त्या सकाळी सगळ्यांत जास्त आनंद खरं तर मला व्हायला हवा होता.

मशीन अण्णांनी दिलं होतं, आईच्या नावानं. मोटरच्या डब्यावर, वजनाच्या आकड्यांना अगदी खेटून, लाल अक्षरांत लिहिलेलं होतं, 'श्रीमती चांगुणाबाई थोरबोले यांच्या सन्मानार्थ सप्रेम भेट'. आकडे वाचायला मला रोज त्या सन्मानावरून नजर फिरवावी लागणार होती.

चांगुणाबाई, सगळ्यांच्या माई, समोरच खुर्चीत बसल्या होत्या. अंगानं चिमूटभर, नवं कोरं इरकली लुगडं, दोन्ही हात पदराखाली. आपल्या भोवती हे काय चाललंय याच्याशी फारसा संबंध नसल्यासारख्या त्या खिडकीबाहेर बघत होत्या.

घळसासींनी माईक घेतला. ज्या माउलीच्या मानदुखीनं सुपुत्राचं काळीज हललं, त्या माउलीचा सत्कार म्हणजे आपल्या सर्वांचाच सत्कार, असं बरंच काही ते बोलले. मग शाल आली. ती माईंच्या खांद्यावर पडली. श्रीफळ आलं, ते त्यांच्या हातात दिलं गेलं. शेवटी हार आला, झेंडू आणि निशिगंधाचा, बैलाच्या गळ्यातही जड झाला असता असा. तो घालून घ्यायला माईंनी मान खाली केली आणि श्रीफळ त्यांच्या हातातून सुटून टेबलाखाली गडगडत गेलं.

मागं कुजबुज झाली. कुणीतरी 'अपशकुन' असंही म्हणालं.

"आई, नीट धर की," चेहऱ्यावरचं हसू न हलवता अण्णा म्हणाले. त्यांनी नारळ उचलून पुन्हा माईंच्या हातात दिला.

"आजी, मान जरा खाली घ्या, हार दिसू दे," फोटोवाला म्हणाला.

माईंनी मान खाली घेतली. नारळ पुन्हा पडला. या वेळी सगळे हसले. मी हसले नाही, कारण मी त्यांच्या हातांकडं बघत होते. नारळ निसटला नव्हता. बोटं आपोआप उघडली होती. आणि ती बोटं सगळी करंगळीच्या बाजूला कललेली होती, वाऱ्यानं एकाच बाजूला झुकलेल्या पिकासारखी. जुना संधिवात.

"आणि आता," घळसासी माईकवर म्हणाले, "या यंत्रावर उपचार घेण्याचा पहिला मान अर्थातच माईंचा."

टाळ्या चालू असतानाच मी माईंच्या खुर्चीपाशी गेले. "मशीनवर घ्यायच्या आधी तपासावं लागतं," असं कुणालाही उद्देशून नाही अशा आवाजात म्हणाले, आणि त्यांना हाताला धरून बाजूच्या पडद्यामागं नेलं.

तिथं त्यांना स्टुलावर बसवून मी आधी तो हार काढला.

"मान खाली केली की काय होतं, माई?"

"करंट बसल्यागत हुतं," त्या म्हणाल्या. "मानंतनं निगतो आन् हातात उतरतो. मग हातात काय हाय त्येच कळत न्हाई."

"कधीपासून?"

"लई दिस झालं. चहाची बशी हातात ऱ्हात न्हाई. सुना म्हणत्यात, म्हातारीला भांडी फोडायची खोड लागली."

"हे कुणाला सांगितलं नाहीत?"

"कुणी इचारलं तर सांगायचं, पोरी. मान दुखती म्हणलं, तर त्यानं मशीन आणलं."

मी त्यांच्या गुडघ्यावर तपासायची रबरी हातोडी हलकेच मारली. पाय लाथ मारल्यासारखा उडाला. एवढा उडायला नको होता; वर मानेतच कुठंतरी नस दबत होती. संधिवात कधी कधी मानेतल्या सगळ्यांत वरच्या दोन मणक्यांना बांधून ठेवणारे दोरच कुरतडतो. मग मान म्हणजे नुसती ठेवलेली असते, धरलेली नसते. अशा मानेला ओढलं, तर आतून जाणारी मुख्य नस चिरडते. हातपाय जातात. श्वासही जातो. बाहेर मशीनवर ज्या बाईचं नाव लाल अक्षरांत लिहिलं होतं, तिला ते मशीन जागच्या जागी मारू शकलं असतं.

पडदा बाजूला झाला. अण्णा आणि घळसासी आत आले.

"काय चाललंय? पाव्हणे खोळंबलेत," अण्णा म्हणाले.

"सर, यांना ट्रॅक्शन देता येणार नाही," मी घळसासींना म्हणाले. "वरचे मणके सरकलेले असणार. आधी एक्स-रे काढायला हवा."

"कुणाला देता येणार न्हाई?" अण्णांनी विचारलं.

"माईंना."

"अवो मॅडम, मशीन तिच्यासाठीच आणलंय." लहान पोराला समजावून सांगावं तसं ते म्हणाले.

"माहीत आहे. पण ते त्यांच्या कामाचं नाही."

"मग कुणाच्या कामाचं हाय?"

"बाकी सगळ्यांच्या."

अण्णांचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. त्या क्षणी तो माणूस दुखावला होता, हे आज मला कळतं. आईसाठी काहीतरी करायचं म्हणून त्याला सुचेल तेवढं मोठं त्यानं केलं होतं, आणि एक नोकरीतली पोरगी त्याला सांगत होती की ते फुकट गेलं. कळतं, पण मला त्याची दया येत नाही. शेजारीच स्टुलावर त्याची आई बसली होती आणि त्यानं एकदाही तिच्याकडं बघितलं नव्हतं.

घळसासींनी मला कोपऱ्यात घेतलं आणि आवाज खाली आणला.

"उल्का, मला काय दिसत नाही का? तिची बोटं बघितली तेव्हाच कळलं. पण दोन किलोचा ताण, दोन मिनिटं. एक फोटो होईल, लगेच उठवू. एक्स-रेचं उद्या बघू."

तोवर मला वाटत होतं, यांच्या ध्यानात आलेलं नाही. ध्यानात न येणं मी समजू शकते, माणूस माईकवर होता, गडबड होती. पण यांना कळलं होतं. कळलं होतं आणि हे दोन किलोचा हिशेब करत होते. माझ्या अंगाची अशी आग झाली की हातातली हातोडी मी बाजूला ठेवून दिली, उगाच हातात नको म्हणून.

"मी पट्टा बांधणार नाही," मी म्हणाले.

"नका बांधू. कंपनीचा माणूस आलाय, तो बांधेल."

माईंना दोन्ही दंडांना धरून बाहेर नेलं. कंपनीचा माणूस टाय लावून टेबलापाशी तयारच होता. त्यानं माईंना टेबलाच्या कडेवर बसवलं. मशीनला वायरनं जोडलेलं एक बटण असतं, ते पेशंटच्या हातात देतात.

"आजी, हे धरायचं. दुखलं की दाबायचं. मशीन लगेच बंद," तो म्हणाला आणि बटण त्यांच्या हातात दिलं. ते खाली पडून वायरला लोंबकळत राहिलं. त्यानं पुन्हा दिलं. पुन्हा पडलं. मग त्यानं ते त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि हनुवटीचा पट्टा हातात घेतला.

"यांना आडवं करू नका, जीव जाईल," मी मोठ्यानं म्हणाले.

"मॅडम जरा घाबरल्यात," घळसासी माईकवर म्हणाले. "पहिलाच प्रयोग आहे ना." लोक पुन्हा हसले. सकाळपासून हे लोक नुसते हसत होते.

पुढचं मी ठरवून केलं, असं मला म्हणवत नाही. माईंच्या मांडीवरचं बटण मी उचललं, टेबलाच्या पलीकडच्या बाजूनं चढले आणि उताणी पडले. कंपनीच्या माणसाच्या हातातला पट्टा ओढून घेऊन स्वतःच्या हनुवटीखाली बसवला, बक्कल लावलं.

"चालू करा," मी म्हणाले. "काढा फोटो."

कंपनीच्या माणसाचा दोष नाही. टेबलावर कुणीतरी पट्टा बांधून झोपलं की खटका दाबायचा, एवढंच तो गावोगाव करत आला होता. त्यानं खटका दाबला. मोटर घुमली. पट्टा ताणला गेला आणि माझं डोकं हळूच मागं ओढलं गेलं. मागच्या रांगांना कोण झोपलंय ते दिसत नव्हतं, त्यांनी टाळ्या वाजवल्या. फोटोवाल्याचा फ्लॅश उडाला. पहिला मान मी घेऊन टाकला होता.

त्या पट्ट्याची एक गंमत असते. तो हनुवटी वर दाबतो, दातांवर दात बसतात आणि तोंड उघडता येत नाही. भांडण चालू असताना मी गप्प आहे, असं आयुष्यात पहिल्यांदाच होत होतं. वर अण्णांचा चेहरा उलटा दिसत होता.

"उठ," ते म्हणाले. आता अहो-जाहो संपलं होतं. "उठ म्हणतो. त्यो मान माझ्या आईचा हुता."

दुसऱ्या बाजूनं घळसासी वाकले. त्यांचा आवाज माईकचा नव्हता. "तमाशा पुरे झाला. उद्यापासून तुम्ही इथं नसाल."

मला पुष्कळ बोलायचं होतं. मी नुसती बटण मुठीत धरून छताकडं बघत राहिले. अण्णांनी मोटरच्या डब्याकडं हात नेला.

"भास्कर."

माझ्या पायांशी, टेबलाच्या कडेवर, माई अजून बसलेल्याच होत्या. कुणाला त्यांची आठवणच राहिली नव्हती.

"त्या पोरीचं तोंड बांधलंय," माई म्हणाल्या, "तवर मी बोलते."

"आई, तू गप बस. लोकं बघायलीत."

"बघू देत की. मशीनवर झोपतीस का म्हणून मला इचारलंस का तू?"

"आता काय बोलायचं. तुझ्या मानासाठी तर केलं सगळं."

"व्हय. मानासाठी केलंस," माई म्हणाल्या. "मानंसाठी न्हाई केलंस."

मला अण्णांचा चेहरा दिसत होता. उलट्या चेहऱ्यावरचे भाव नीट कळत नाहीत, पण तोंड उघडं राहिलं होतं.

"मानाचं तुझं तू बघ," माई म्हणाल्या. "मान माझी हाय." मग त्या घळसासींकडं वळल्या. मान वळत नव्हती, म्हणून कमरेपासून सगळ्याच वळल्या. "डाक्टर, ही पोरगी म्हणती ते खरं का खोटं तेवढं सांगा. मशीननं वडलं तर मी जगंन का मरंन?"

घळसासींनी माईक छातीशी धरला होता आणि तो चालू होता. त्यांचा घसा खाकरलेला सगळ्या हॉलनं ऐकला.

"तसं... म्हणजे..." ते म्हणाले, "आधी एक्स-रे काढून बघितलेलं बरं."

एवढंच. हे वाक्य बोलायला त्यांना काही मोजावं लागलं नाही. पडद्यामागं ते हेच बोलले असते तर मला त्या टेबलावर चढावं लागलं नसतं.

मी बटण दाबलं. मोटर थांबली.

एक्स-रे त्याच दुपारी काढला. वरच्या दोन मणक्यांत एवढी फट होती की घळसासींनी ती फिल्म खिडकीच्या उजेडात फार वेळ धरली नाही. अण्णांनी गाडी काढली आणि माईंना मिरजेला नेलं. तिथं ऑपरेशन करून त्यांचे मणके जागेवर बांधले.

गावातल्या साप्ताहिकात फोटो छापून आला. मजकूर त्यांनी आधीच लिहून ठेवलेला असावा. टेबलावर पट्टा बांधून मी पडले आहे आणि खाली छापलं आहे, 'उपचारांचा पहिला मान मिळालेल्या श्रीमती चांगुणाबाई थोरबोले'. आणि ट्रस्टच्या वार्षिक सभेत घळसासींच्या 'वेळीच केलेल्या अचूक निदाना'बद्दल अभिनंदनाचा ठराव झाला. मी मागच्या रांगेत बसून तो ऐकला. घळसासींनी हात जोडून तो स्वीकारला.

मला मात्र लगेच काढलं नव्हतं, कारण मशीन चालवणारं दुसरं कुणी नव्हतं. गावातली माणसं आता रांगेनं येत होती, आणि खरं सांगायचं तर ते मशीन फार चांगलं होतं. वाकत आलेली माणसं सरळ होऊन घरी जात. लाल अक्षरांवरून नजर फिरवून मी आकडे वाचत होते.

मग एके दिवशी घळसासींनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"अण्णा अजून नाराज आहेत," ते म्हणाले. "मशीन परत नेण्याची भाषा करतात. आज ते आईला घेऊन इकडं येणार आहेत. चार शब्द बोला. चुकलं म्हणा, मान खाली घालून माफी मागा, विषय संपला. नोकरीही राहील."

"माझं काय चुकलं?"

"पद्धत चुकली," घळसासी म्हणाले.

अण्णा आले, खुर्चीत बसले, माझ्याकडं बघितलं नाही. माई शेजारी बसल्या. गळ्याभोवती हनुवटीपर्यंत येणारी कडक प्लास्टिकची कॉलर होती आणि त्यामुळं चेहरा असा वर राहिला होता की त्या सगळ्यांकडं जरा उंचावरून बघत असल्यासारख्या वाटत होत्या. चहा आला. माईंनी कप दोन्ही हातांत धरला. कपापर्यंत मान नेता येत नव्हती, म्हणून त्यांनी कपच वर तोंडापर्यंत आणला आणि चहा सावकाश प्यायल्या. बोटं वाकडीच होती. पण कप हातातच राहिला.

"हं, मॅडम," घळसासी म्हणाले.

मी उभी होते. बोलायला सुरुवात कशी करायची ते मला खरंच कळेना, कारण जे तोंडात येत होतं ते माफीचं नव्हतं.

"काय सांगताय तिला?" माईंनी विचारलं.

"काय न्हाई, आई," अण्णा म्हणाले. "त्या दिवशी समद्यांसमोर जे झालं, त्याची माफी मागणार हायेत त्या."

"कशी?"

"कशी म्हंजे? मान खाली घालून, आन् कशी."

माईंनी कप बशीत ठेवला. बशी वाजलीसुद्धा नाही. त्यांनी आपलं वाकडं बोट कॉलरवर टेकवलं.

"मिरजेच्या डाक्टरनं सांगितलंय," त्या मला म्हणाल्या, "आता मान खाली घालायची न्हाई. कुणापुढं बी."

घळसासी काहीतरी बोलायला गेले. माई माझ्याकडंच बघत होत्या.

"तू तर मानंचीच डाक्टर हाइस की गं," त्या म्हणाल्या. "तुला येगळं सांगायला लागतंय व्हय?"

मी माफी मागितली नाही. मान वर ठेवून केबिनमधून बाहेर पडले.